सगळी काळीच दे

माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की, पत्र्याची एक शेड आहे. तिथं जुन्या ट्रॅक्टरांच्या चार्जिंगची कामं व्हायची. ती करणाऱ्याला सगळे अँपिअर म्हणत. काम झालं की हा गडी मालकाच्या तोंडाकडे बघायचा नाही, स्टिअरिंगखालच्या अँपिअर मीटरकडे बघायचा. इंजिन चालू असताना काटा अधिकच्या बाजूला सरकला म्हणजे डायनामो बॅटरीला खायला घालतोय. उणेकडे झुकला म्हणजे बॅटरी घरचंच मोडून खातेय, आणि आज ना उद्या ट्रॅक्टर ढकलून चालू करायची पाळी येणार. काटा अधिककडे गेला की तो मान डोलवायचा आणि रॉकेलच्या फडक्यानं हात पुसायला लागायचा. मजुरी किती झाली ते बायको सांगायची.

बायको म्हणजे आमच्या वहिनी. त्या कायम शेडमध्येच असायच्या. एक लाकडी खोकं उलटं घातलेलं, त्यावर पोत्याची घडी, त्यावर वहिनी. बाकीच्यांच्या बायका घरी आणि याची कामावर, म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड कुठलं. कोणी म्हणे माणूस संशयी आहे, कोणी म्हणे बायकोचा पदर सुटत नाही. मीही मागे राहिलो नाही. "अर्थिंग असल्याशिवाय आमच्या अँपिअरमधून करंट जात नाही," असं मी गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो. वहिनी तिथूनच उत्तर द्यायच्या, "भावजी, तुमच्या घरच्या अर्थिंगला आमचा नमस्कार सांगा." माझ्या बायकोला तो निरोप कधी आवडला नाही.

गुपित शेवटपर्यंत दाबून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. अँपिअरला लाल आणि हिरवा यातला फरक कळत नव्हता. जन्मापासून. आणि धंदा कुठला धरला, तर वायरिंगचा.

मला हे फार उशिरा कळलं. वहिनींना अर्धांगाचा झटका येऊन त्या दवाखान्यात होत्या, तेव्हा तो पहिल्यांदाच एकटा वायर घ्यायला आला. एरवी भेंडोळी वहिनीच निवडायच्या. त्यानं हिरवं भेंडोळं उचललं आणि म्हणाला, "ही लाल दे."

"अरे, हिरवी आहे ती."

तो भेंडोळं हातात धरून तसाच उभा राहिला. मग स्टुलावर बसला आणि सांगायला लागला. माणूस खचला की न विचारता बोलतो.

ज्या वस्तादाकडे तो शिकला, तो रंग चुकला की पाना फेकून मारायचा. मार खाऊन खाऊन यानं वायरी जाडीवरून आणि जागेवरून ओळखायला सुरुवात केली. पुढे स्वतःची शेड टाकली, लग्न झालं. एके दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या, तेव्हा हा ट्रॅक्टरखाली उताणा, दोन्ही हातात दोन वायरी. गमतीचा आव आणून त्यानं विचारलं, "ही कुठली गं?" नवरा थट्टा करतोय असं समजून त्यांनी सांगितलं, "लाल." दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत. असं काही दिवस चाललं. मग एकदा वहिनींनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "तुम्हाला दिसत नाही ना?"

यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बरं. उद्यापासून डबा दोघांचा आणते," त्या म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्या घरात तिथेच संपला.

नुसतं लाल-हिरवं सांगायला काय लागतं, असं कोणाला वाटेल. जुन्या ट्रॅक्टरच्या वायरी बघा एकदा. तेल, धूळ आणि इंजिनाची धग खाऊन सगळ्या एकजात मातकट होतात. माझे डोळे धडधाकट आहेत, तरी मला त्यातलं काही कळत नाही. वहिनी वायर फडक्यानं पुसायच्या, नखानं खरवडायच्या, उजेडाकडे वळवायच्या आणि सांगायच्या, "लाल होती, आता विटकरी झालीय." किंवा, "हिरवी. वर पिवळी रेघ आहे बघा." दुसरे मिस्त्रीसुद्धा अडले की वायरीचा तुकडा घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्या खोक्यावर त्या बसायच्या त्या अशा रुबाबात, की मला कधी कधी वाटायचं, शेड त्यांची आहे आणि अँपिअर कामाला आहे.

झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला, पाय फरफटायला लागला. बोलणं परत आलं, पण शब्द जागा सोडून आले. किल्ली हवी असेल तर चमचा म्हणायच्या. दार लावा म्हणायचं असेल तर पाऊस लावा म्हणायच्या. वाईट म्हणजे त्यांना वाटायचं आपण बरोबरच बोललो. डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे, समजतंय सगळं, फक्त शब्द घसरतात. बोलतं ठेवा त्यांना. आणि प्रत्येक चूक दाखवत बसू नका, नाहीतर बोलणंच सोडतील. अँपिअरनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

त्यानं खोक्याला मागे टेकायला फळी ठोकली आणि वहिनींना परत शेडमध्ये आणायला लागला. सकाळी त्यांचा डावा हात आपल्या खांद्यावर घेऊन हळूहळू यायचा. काम सुरू झालं की वायर पुढे करायचा. "ही कुठली गं?"

वहिनी पुसायच्या, खरवडायच्या, एका हातानं जमेल तसं. लाल वायर बघून म्हणायच्या, "निळी."

"बरोबर," अँपिअर म्हणायचा.

मग त्यांच्याकडे पाठ करून टेस्ट लॅम्प काढायचा. टेस्ट लॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक ट्रॅक्टरच्या अंगाला चिमट्यानं लावायची, दुसरी तपासायच्या वायरीला टेकवायची. बल्ब पेटला तर वायर जिवंत. असं एकेक टोक चाचपून तो खरं काय ते शोधायचा. वहिनींना वाटायचं आपल्या सांगण्यावर काम चाललंय. पूर्वी चहा होईपर्यंत उरकणारं काम आता दिवस खायचं. गिऱ्हाइकं पातळ झाली. अँपिअरचा हात गेला, म्हणायला लागली. तो ऐकून घ्यायचा.

मला बघवेना. एकदा दुकानात आला तेव्हा मी म्हटलं, "रंग मला विचारत जा की. रस्ता तर ओलांडायचाय."

"तिच्या देखत?" तो म्हणाला, आणि फ्यूज घेऊन गेला.

घाईमामांचा ट्रॅक्टर आला तो दिवस असाच होता. घाईमामा भाड्यानं नांगरटी करतात. पाठीमागे वाघ लागल्यासारखा माणूस. चहा गरम असतानाच पितात आणि तोंड भाजलं म्हणून चहावाल्याला शिव्या देतात. ट्रॅक्टर त्यांच्यापेक्षा वयानं थोडासाच लहान. बॅटरी नवी टाकली तरी बसते, दिवे मिणमिणतात, काटा उणेवरून हलत नाही, अशी तक्रार. दुसरं गिऱ्हाईक असतं तर चहाला गेलं असतं. हे चाकाला टेकून उभे राहिले.

अँपिअरनं पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ठीक होता. बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली. डायनामोवरच्या दोन्ही वायरी सोडल्या, डायनामोची दोन्ही टोकं वायरीच्या तुकड्यानं जोडली, त्याला बल्ब लावला आणि मामांना इंजिन चालू करून रेस द्यायला सांगितली. बल्ब लख्ख पेटला. "डायनामो जिवंत आहे," तो म्हणाला. "तो देतोय. पुढे कोणीतरी अडवतंय." अडवणारा होता कट-आउटचा डबा. डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला दरवान. त्याच्या आतले पॉइंट जळून काळे पडले होते. नवा डबा माझ्या दुकानात होता, तो घेऊन मीच शेडमध्ये गेलो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

जुन्या डब्याचे स्क्रू गंजलेले. पान्याला जरा जोर दिला तशी वायरींची टोकं तुटून हातात आली. चार वायरी मोकळ्या लोंबायला लागल्या. डायनामोकडून येणाऱ्या दोन सहज कळल्या, एक जाड, एक बारीक. उरलेल्या दोन सारख्याच जाडीच्या. त्यातली एक बॅटरीची जिवंत वायर, लाल. दुसरी अर्थिंगची, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगाला जाणारी, हिरवी. जगात दुसरे कुठले रंग नसल्यासारखे नेमके तेच दोन.

अँपिअरनं पाठ फिरवून लॅम्प लावला. पहिल्याच वायरीला बल्ब पेटला. त्यानं तो तळहातानं झाकला, पण बोटांच्या फटीतून उजेड मला दिसला. म्हणजे त्याला कळलं होतं. मग त्यानं करंट तोडायला बॅटरीच्या टोकावरचा क्लॅम्प काढून ठेवला आणि तीच वायर वहिनींपुढे धरली.

"ही कुठली गं?"

वहिनींनी डाव्या हातानं फडकं फिरवलं. वायर उजेडाकडे वळवली. "हिरवी," त्या म्हणाल्या.

"बरो..." अँपिअर म्हणतोय तोवर घाईमामा पुढे झाले.

"वहिनी, लाल आहे हो ती. मला इथून दिसतंय. लालला हिरवी काय म्हणता?" मग त्याच्याकडे वळून, "असं काम चालतं होय तुझं? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी उगाच नाही मरत."

वहिनींनी वायरीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि मग नवऱ्याकडे. त्या बघण्यात भांडण नव्हतं. खरं काय ते तुम्ही सांगा, असं त्या बघत होत्या. इतकी वर्षं त्यांनी रंग सांगितले होते आणि आज पहिल्यांदा त्या विचारत होत्या.

वहिनींना डब्याच्या चारी जागा पाठ होत्या. हिरवी कोपऱ्यातल्या स्क्रूला जाते हे त्यांना झोपेतही माहीत होतं. ती वायर अँपिअरनं बॅटरीच्या जागी लावली असती, तर न बोलताही त्यांना उत्तर मिळालं असतं, आणि त्याबरोबर मागच्या सगळ्या महिन्यांचंही. कोपऱ्यातल्या स्क्रूला लावली, तर बॅटरी सरळ अर्थिंगवर, म्हणजे शॉर्ट होऊन आगच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता दुकानात बसून मला बऱ्याच वाटा सुचतात. मामांना चहाला पिटाळायचं, पाना हातातून पाडायचा, आज तब्येत बरी नाही म्हणायचं. तिथं उभा होतो तेव्हा मलाही एवढंच सुचलं, "अरे, जरा सावकाश."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तिनं सांगितलंय ना," तो मामांना म्हणाला. "हिरवीच आहे." आणि वायर कोपऱ्यातल्या स्क्रूला आवळली. दुसरी बॅटरीच्या जागी लावली. मग जाऊन क्लॅम्प बॅटरीवर बसवला.

ठिणगी उडाली. वायरीवरचं प्लास्टिक फुगलं, फुटलं आणि थेंब थेंब गळायला लागलं. डब्यापासून मीटरपर्यंत सगळा जुडगा काळ्या धुरात गेला. अँपिअरनं क्लॅम्प उघड्या हातानं ओढून काढला, त्यात त्याचा तळवा भाजला. मामा त्यांना येतील त्या सगळ्या शिव्या देत होते. अँपिअर एकच वाक्य घोकत होता, "चूक माझी आहे. माझा हात चुकला."

वहिनी धुराकडे बघत होत्या. अँपिअर त्यांना धरून उठवायला लागला तेव्हा त्यांनी आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला नाही, त्यालाच मग तो उचलून ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी अँपिअर एकटा आला. हाताला फडकं बांधलेलं. दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "वायर दे. पूर्ण वायरिंग नवं करायचंय."

"रंग?"

"सगळी काळीच दे."

मी भेंडोळी दिली आणि दुकानाला फळी लावून त्याच्यामागे गेलो. खोकं रिकामं होतं, मी त्यावर बसलो नाही, टायरवर बसलो. त्यानं जळकं वायरिंग उपटून काढलं आणि एकेक काळी वायर टाकत गेला. कोणाला विचारायचं नव्हतं, कोणापासून लॅम्प लपवायचा नव्हता. एक टोक इथं, एक टोक तिथं, बल्ब पेटला, आवळलं. काम अशा झपाट्यानं चाललं की मला त्याची भीती वाटली. जेवायच्या वेळेआधी इंजिन सुरू झालं. काटा थरथरला आणि अधिककडे जाऊन स्थिर झाला.

त्यानं मान डोलवली नाही. घाईमामा ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाले, "आज बरं जमलं."

मामा गेल्यावर मी म्हटलं, "तुला रंग लागतच नव्हते की रे."

"पहिली काही वर्षं लागले," तो म्हणाला. "मग लॅम्पची युक्ती कळली. तेव्हा मुलगी लहान होती. तिला शाळेत सोडून ही धावत यायची, मी अडून बसलो असेन म्हणून. तिला काय सांगू, की येऊ नकोस? आणि मलाही..." त्यानं पाना पुसून ठेवला. "ती समोर बसली की कामात मन लागायचं रे. नाहीतर दिवसभर त्या इंजिनाशी काय बोलणार."

"मग काल तसं का केलंस?"

"तिनं माझ्याकडे बघितलं ना."

तो भाजल्या हातावरचं फडकं सोडून परत बांधत राहिला. मग आपणहून म्हणाला, "काल घरी गेल्यावर जेवली नाही. डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारायला लागली. हात धरला तर डोकं भिंतीवर. तिच्या बोलण्यानं आग लागली, असं तिला वाटत होतं. किती वेळ बघणार? मी सांगून टाकलं. म्हटलं, तुझी चूक नाही, मला माहीत होतं ती लाल आहे. मीच जाणूनबुजून लावली."

"मग?"

"शांत झाली. मला वाटलं, सुटलो. माझ्याकडे बघत बसली नुसती. आणि मग विचारलं, 'कधीपासून?'"

त्यानं फडक्याची गाठ दातानं आवळली.

"बरोबर शब्द आला बघ. एकदम स्वच्छ. आजारपणानंतर इतका स्वच्छ एकही आला नव्हता. आता काय सांगू तिला? झटक्यापासून म्हणू? म्हणजे इतके महिने मी तिच्याशी खोटं 'बरोबर, बरोबर' करत होतो. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून. मग तिच्या जन्मभराचं काय राहिलं त्या खोक्यावर?"

"काय सांगितलंस?"

"काहीच नाही. ती वाट बघत होती, मी तोंडात मूग धरून बसलो. तिनं तोंड भिंतीकडे केलं. तो शेवटचा शब्द."

मी म्हटलं, बोलतील, दोन दिवस राग राहील. मला वाटतं तसं होत नाही, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

वहिनी बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, नवीन काही नाही म्हणाले. मुलगी लांबून आली, राहिली, आईशी बोलून बोलून रडून गेली. अँपिअर शेड उघडतो अजून. जी थोडी कामं येतात ती काळ्या वायरीत करतो. दुसरे मिस्त्री नंतर ते वायरिंग उघडतात आणि कपाळाला हात लावतात.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. एकच खोली, खिडकीपाशी पलंग. डाव्या हाताला काम हवं म्हणून अँपिअरनं शेडमधला जुन्या वायरींच्या तुकड्यांचा डबा घरी आणून ठेवला होता. वहिनी पलंगावर बसून ते तुकडे लावत होत्या. एक तुकडा घ्यायचा, अंगठ्यानं पुसायचा, खिडकीकडे धरायचा आणि एका ढिगात टाकायचा. अँपिअर स्टोव्हपाशी चहा गाळत होता.

मी जवळ जाऊन बघितलं. लाल सगळे लालात. हिरवे हिरव्यात. मातकट झालेला एक तुकडा मी हिरवा समजलो असतो, तोही त्यांनी लालात टाकला होता आणि नखानं खरवडून बघितला तर तो लालच होता. एकही चूक नव्हती. डॉक्टर म्हणालेच होते, नजर शाबूत आहे. त्यांच्या हातात एक लाल तुकडा देऊन "यासारखी कुठली ते दाखव" एवढं म्हटलं असतं, तर त्यांनी बोटानं दाखवलं असतं आणि शब्दाची गरजच पडली नसती. काखेत कळसा होता. त्याला सुचलं नाही, डॉक्टरांना सुचलं नाही, आणि मीही रस्त्यापलीकडे बसून नुसत्या गमती केल्या.

मला राहवलं नाही. मी अँपिअरला हाक मारली. "अरे, इकडे ये. बघ, एकूण एक तुकडा नीट लावलाय वहिनींनी."

तो चहाचा कप घेऊन आला आणि ढिगांकडे बघत उभा राहिला. त्याला तिथं काय दिसत होतं देव जाणे. "असं?" तो म्हणाला.

"खरंच वहिनी," मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे."

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग डावा हात पसरून त्यांनी सगळे ढीग एकत्र केले, कालवले, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.